कोपरच्या मुलांनो, कोपर सांभाळा!

आपल्या स्टेशनवर पिवळ्या पाटीवर 'कोपर' असे मोठे लिहिलेले आहे. माझा आतेभाऊ सुट्टीत आला की दर वेळी तोच विनोद करतो. "कोपर आलं, आता गुडघा कुठे उतरायचा रे?" मीही पूर्वी हसायचो. आता मला त्या पाटीकडे पाहिले की हसू येत नाही, माझ्या धाकट्या भावाचा हात आठवतो.

बाईंनी या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी "खेळ व आरोग्य" असा विषय दिला. बाकीच्यांनी योगासने, दूध, पालेभाज्या वाटून घेतल्या. मी बाईंना म्हटले, मी कोपराविषयी लिहितो. बाई म्हणाल्या, "लिही, पण खरे लिही." म्हणून खरे लिहितो. त्यात माझी चूक आहे, तीही लिहितो. लेख लांबला म्हणून तीन कागद लागले आहेत. तिसरा कागद खिडकीच्या बाजूला चिकटवला आहे, तो वाचायचा राहू देऊ नका.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझा भाऊ तेव्हा पहिलीत होता, सहा वर्षांचा. रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास आम्ही सात-आठ जण 'डोंगर का पाणी' खेळत होतो. आमच्या घरामागे एका अर्धवट बांधलेल्या घराचे जोते आहे. ते माझ्या छातीएवढे उंच आहे. ते आमचे डोंगर. खाली मुरूम आणि बांधकामाची उरलेली खडी पडलेली होती, ते आमचे पाणी. मोठी मुले जोत्यावरून धडाधड उड्या मारत होती. भाऊ वर काठावर उभा राहून खाली बघत होता. मी त्याला ओरडून म्हणालो, "अरे घाबरट, मार की उडी!"

त्याने उडी मारली. पाय खडीवरून सरकला. तोल गेला तसा त्याने डावा हात पुढे टेकला, आणि सगळे अंग त्या हातावर आले. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. तो आधी रडलाही नाही, नुसता बघत राहिला. मग रडला.

घरी नेईपर्यंत कोपर वांग्यासारखे सुजले होते. आजीने खोबरेल तेल गरम केले. "ररू नको रं बाबू, तेल चोलला का बरा वाटंल," असे म्हणून ती चोळायला लागली. आजीचा जीव त्याच्यावर फार आहे, म्हणून तिला कोणी बोलू नये. तिच्या लहानपणी असेच करत. तेवढ्यात कोणीतरी एका हाड बसवणाऱ्याला बोलावून आणले. त्याने हात ओढला, दाबला, बांबूच्या कामट्या लावल्या आणि वरून पट्टी घट्ट आवळून बांधली. म्हणाला, आठ दिवस सोडू नका. तेव्हा सात वाजले होते.

रात्री भाऊ काही केल्या झोपेना. एरवी तो मार लागला तरी थोड्या वेळाने विसरतो. त्या रात्री रडणे वाढतच गेले. आई कामावरून उशिरा आली होती. तिने त्याची बोटे हातात घेतली तर ती बर्फासारखी गार! रंग निळसर पांढरा. आईने एकेक बोट हळूच सरळ करून पाहिले, तर भाऊ किंचाळला. आई म्हणाली, "हे काही नुसतं मुरगळणं नाही." बाबांनी रिक्षा आणली आणि अकराच्या आत आम्ही रुग्णालयात होतो.

डॉक्टरांनी पहिले काम कोणते केले असेल? एक्स-रे नाही, इंजेक्शन नाही. त्यांनी आधी कात्रीने ती पट्टी कापली आणि कामट्या बाजूला केल्या. मग मनगटाची नाडी पाहिली. नख दाबून सोडले आणि ते परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते पाहिले. मग भावाला म्हणाले, "आपण एक खेळ खेळू. अंगठा वर कर. आता अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल कर. आता सगळी बोटं फाकव." मला वाटले, एवढ्या रात्री हे खेळ काय खेळतात? नंतर कळले की हाताकडे तीन मोठ्या शिरा जातात (म्हणजे ज्यातून मेंदूचा हुकूम पोचतो त्या, रक्ताच्या नव्हेत), आणि या तीन खुणांनी त्या तिन्ही शाबूत आहेत की नाहीत ते समजते. भावाला गोल करता येत नव्हता.

त्याच रात्री भूल देऊन हाड जागेवर बसवले आणि दोन बारीक तारा घालून ते धरून ठेवले. चार आठवड्यांनी तारा काढल्या. गोल करायला त्याला तीन महिन्यांनी जमले. ते ज्या दिवशी जमले त्या दिवशी तो घरभर अंगठा आणि बोट जोडून सगळ्यांना दाखवत फिरत होता. आईने त्या दिवशी गोड शिरा केला.

आता हे असे का होते ते सांगतो. डॉक्टरांनी आम्हाला कागदावर चित्र काढून समजावले. तेच चित्र मी मोठे करून खाली काढले आहे.

दंडाचे हाड वर खांद्याजवळ गोल आणि जाड असते. खाली कोपराजवळ मात्र ते चपटे होते आणि पुढून-मागून त्याला खळगे असतात. दोन खळग्यांच्या मधला भाग अगदी पातळ असतो. पाच ते सात वर्षांच्या मुलांचे सांधे सैल असतात. तुमच्या धाकट्या भावाबहिणीला हात सरळ करायला सांगा, पुष्कळांचे कोपर थोडे उलट बाजूलाही वाकते. असे मूल हात पुढे टेकून पडले की सगळा भार नेमका त्या पातळ भागावर येतो आणि हाड तेथेच मोडते. लहान मुलांच्या कोपराजवळच्या मोडण्यात हाच प्रकार सर्वांत जास्त असतो. म्हणजे माझ्या भावाचे काही जगावेगळे झाले नव्हते.

हाड मोडले याचे एवढे काही नाही. मुलांची हाडे लवकर जुळतात. खरी भीती निराळीच असते. कोपराच्या अगदी पुढून हाताला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी जाते, आणि तिच्या शेजारून शीर जाते. मोडलेल्या हाडाचे टोक पुढे आले की ती दाबली जाते. त्यात सूज वाढते. सुजेला बाहेर यायला जागा लागते. वरून आपण घट्ट बांधले तर ती जागाच राहात नाही, मग सूज आतल्या आत सगळे दाबत जाते. पाण्याच्या नळीवर पाय ठेवल्यावर काय होते? तसे हाताचे रक्त थांबते. स्नायूंना सहा तासांच्या आसपास रक्त मिळाले नाही तर ते मरू लागतात, आणि मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही. तो आकसतो, आणि बोटे पक्ष्याच्या पंजासारखी वाकडी होऊन तशीच राहतात. जर्मनीतल्या रिचर्ड फॉन फोल्कमान नावाच्या शल्यवैद्याने १८८१ साली हे लिहून ठेवले, आणि घट्ट पट्ट्यांनी असे होते हेही तेव्हाच सांगितले. त्याला आता एकशे चाळीस वर्षे होऊन गेली, तरी आपल्याकडे कामट्या आवळल्या जातातच.

आमचा हिशोब करा. सात वाजता बांधले, अकराला सोडले. चार तास. आईने "सकाळी बघू" म्हटले असते तर? मी हे पुष्कळदा मनात म्हणून पाहिले आहे.

पालकांनो, हा लेख तुम्ही उभे राहून वाचत असाल, म्हणून हे येथेच सांगतो. मूल हातावर पडले आणि कोपर सुजले, तर तेल, बाम काही चोळू नका. ओढू नका. हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत वर्तमानपत्राच्या जाड घडीवर ठेवा, ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवा, आणि सैल बांधा. आपले बोट पट्टीखाली सहज गेले पाहिजे. बांगडी, कडे, गंडा सूज चढायच्या आधी काढा. फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा वेळ बाजूने धरला तर चालते. खायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागली तर पोट रिकामे असलेले बरे. रडते म्हणून बिस्कीट दिले की तेवढीच शस्त्रक्रियेला खोटी होते. आणि बोटे बघत राहा. गार पडली, रंग बदलला, मुंग्या आल्या, बोट सरळ करताना फार दुखू लागले, की असेल ती पट्टी सोडायची आणि थेट रुग्णालय गाठायचे, रात्र असो की दिवस. वाहन नसेल तर १०८ नंबर फिरवावा, त्याला पैसे पडत नाहीत.

आणखी एक. प्लास्टर निघाल्यावर हात ताठ राहतो. तेव्हा पुन्हा शेजारपाजारचे सांगतात, मालीश करा, वजन बांधा. डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. जोराने चोळल्याने व ताणल्याने स्नायूत हाडासारखा कठीण गोळा धरू शकतो. भावाने हात कसा मोकळा केला? पतंगाची फिरकी धरून, आणि नळावर पाणी उडवून. त्याचे त्यालाच कळले नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग काय खेळायचेच नाही? घरी आईही महिनाभर असेच म्हणत होती. आमच्या गुरुजींनी तिला समजावले. ते स्वतः तरुणपणी कबड्डी खेळत. ते म्हणाले, "ताई, पोर पडणारच. कशावर पडतो आणि कसा पडतो, एवढंच आपल्या हातात आहे."

कशावर पडतो, हे आधी बघू. "मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये" अशी म्हण आपण पाठ केली आहे. आमच्याकडची जमीन कोपराने काय, पहारीने खणायची म्हटली तरी ठिणग्या उडतील. आणि आपण त्यावर कबड्डी खेळतो! गुरुजींनी मला नियमांचे पुस्तक दाखवले. त्यात कबड्डीचे मैदान सपाट आणि मऊ हवे, माती, खत आणि लाकडाचा भुसा मिसळून केलेले किंवा मॅटचे हवे असे दिले आहे. म्हणजे मऊ मैदान हे लाड नव्हे, तो नियम आहे. त्याच पुस्तकात खेळाडूची नखे कापलेली हवीत, अंगावर दागिना नको, असेही आहे. आपण गावात खेळताना यातले एकही पाळत नाही. कडे घातलेल्या मुलाने पकड केली की काय होते ते माझ्या मनगटावरच्या व्रणाला विचारा.

म्हणून आम्ही सातवीच्या मुलांनी ठरवले आणि दिवाळीनंतर सुरुवात केली. शनिवारी सकाळच्या शाळेत कवायतीच्या आधी दहा मिनिटे सगळे एका ओळीत उभे राहतो आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खडे, काचा, खिळे, बाटल्यांची झाकणे वेचत जातो. पहिल्या शनिवारी दोन घमेली भरली. एक अर्धे ब्लेडही निघाले. मग जागा खणून, माती चाळून, पाणी मारून घेतली. खो-खोच्या खांबाचा एक तासडा निघाला होता, तो गुरुजींनी कानशीने घासून घेतला. लांब उडीच्या खड्ड्यातली रेती पावसाने दगडासारखी बसते, ती फावड्याने उकरल्याशिवाय कोणी उडी मारायची नाही असे ठरले आहे. कंटाळवाणे काम आहे, खोटे कशाला बोलू? पण त्यानंतर पडलो तर उठताना फक्त माती झटकावी लागते.

कसा पडतो, हे याहून मजेचे आहे. पडायलाही शिकावे लागते! पडताना हात ताठ पुढे टेकायचा नाही. हनुवटी छातीला लावायची, अंग गोल करायचे, आणि खांद्यावरून कोलांटी घेत भार पाठीवर पसरू द्यायचा. आम्ही हे पेंढ्यावर शिकलो. पेंढ्यावरची पहिली कोलांटी सगळ्यांची वाकडी गेली आणि फार हसलो. परदेशात फुटबॉल खेळणाऱ्या ७ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी सात व्यायामांचा एक संच केला आहे, त्याला वीसएक मिनिटे लागतात. त्यात धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, उड्या, आणि बरोबर पडणे हे सगळे आहे. चार देशांतल्या मुलांवर तो करून पाहिला आणि २०१८ साली निकाल छापला. हा संच करणाऱ्या मुलांना दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या. एका पायावर तोल म्हणजे आपली लंगडीच की! आपल्या आज्या-पणज्या हा व्यायाम अंगणात रोज करत होत्या.

खेळायच्या आधी अंग गरम करायचे हे सर्वांना माहीत आहे, आणि सर्वजण ते टाळतात, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. पाणी प्या, उन्हात टोपी घाला, हेही तसेच. आपल्याकडे खाडीची दमट हवा असते, घाम सुकत नाही, तेवढे लक्षात असू द्या.

कोपराला दुसरे एक संकट आहे, ते पडण्याने येत नाही. सचिन तेंडुलकरला 'टेनिस एल्बो' झाला होता हे मोठ्यांना आठवत असेल. एवढा मोठा खेळाडू, पण २००५ साली लंडनला जाऊन कोपराची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि काही महिने बॅट बाजूला ठेवावी लागली. तेच तेच काम सांध्याने फार वेळा केले की तो असा कुरकुरतो. मुलांच्या हाडांना तर टोकाशी वाढीची मऊ पट्टी असते. तिथे रोज ओढ बसली तर ती दुखावते. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलमध्ये २००७ सालापासून चेंडू मोजण्याचा नियम आहे. ११-१२ वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ८५ चेंडू फेकायचे, नंतर विश्रांती. आपल्याकडे रविवारी सकाळी आठला सुरू झालेला गोलंदाज अंधार पडेपर्यंत एकटाच टाकतो, कारण बॉल त्याचा असतो! कोपर दुखते म्हटले तर मोठी मुले हसतात. दुखणे म्हणजे भेकडपणा नव्हे. दोन दिवस थांबून न थांबणारे दुखणे डॉक्टरांना दाखवावे.

डोक्याचे थोडे सांगतो. आपला क्रिकेटपटू रमण लांबा १९९८ साली ढाक्याला फलंदाजाच्या अगदी जवळ उभा होता. षटकाचे थोडेच चेंडू उरले आहेत म्हणून त्याने हेल्मेट घातले नाही. चेंडू डोक्याला लागला. तो स्वतः चालत तंबूत गेला. तीन दिवसांनी तो वारला. म्हणून डोक्याला लागलेला मुलगा "मला काय नाय झालं" म्हणाला तरी त्याला त्या दिवशी परत खेळायला घ्यायचे नाही. घरी खोटे सांगायचे नाही. उलटी झाली, झोप यायला लागली, बोलणे घसरले, तर लगेच दवाखाना.

आणि दहीहंडी. हे लिहू की नको असा विचार केला, कारण आमच्या आळीत हंडीचे वेड फार आहे आणि मलाही आवडते. ठाण्याच्या हंड्या बघायला सगळी दुनिया येते. सर्वांत वरच्या थरावर हलका गोविंदा लागतो, म्हणून लहान पोर चढवतात. २०१७ साली राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले आहे की १४ वर्षांखालील मुलांना थरांत घेतले जाणार नाही. गेल्या गोकुळाष्टमीला मला एका काकांनी विचारले, "हलका आहेस, वर चढतोस का?" मी त्यांना कोपरापासून नमस्कार केला. ते चिडले. मी खाली उभा राहून पाणी उडवले, आणि तेही भरपूर मजेचे होते.

भावाला मी सॉरी म्हटले का, असे बाईंनी हा लेख तपासताना विचारले. म्हटले. रुग्णालयातच म्हटले. तो म्हणाला, "मग तुझी लाल गोटी दे." दिली.

ते जोते अजून तसेच आहे. बाबांनी आणि शेजारच्या काकांनी मिळून त्याच्याखालची खडी उचलून टाकली, पण जमीन अजून कडकच आहे. या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही तेथे रेती पसरणार आहोत. रेती मिळाली आहे, घमेली दोनच आहेत. ज्यांच्या घरी घमेले किंवा फावडे असेल त्यांनी आणावे. भाऊ येणार आहे. आता तो दुसरीत आहे, आणि मी कितीही सांगितले तरी घमेले तो डाव्या हातानेच उचलतो.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी